झिजलेलं बुश

गिअरची दांडी लोण्यात फिरवावी तशी फिरत होती. एकही गिअर पडेना.

"आता गं?" नवऱ्याने गॅरेजच्या दारातून विचारलं. "गिऱ्हाईक तर येईलच एवढ्यात."

ती त्या जुन्या पिवळ्या स्पोर्ट्स गाडीतून चडफडत उतरली. उभं आयुष्य तिने हे गॅरेज चालवलं होतं. मागच्या हिवाळ्यात अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता. हात बरा झाला, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते, पण तिचाच विश्वास बसेना. तेव्हापासून तिने ना पान्याला हात लावला, ना शटर उघडलं. शेवटी गाडीही विकायची ठरवली. नवरा तेव्हा नुसता "बरं" म्हणाला होता. त्या "बरं"चा तिला अजून राग होता.

"एखाद्या मेकॅनिकला फोन करा ना."

"केला. कोणी उचलत नाही." त्याने नाकावरचा चष्मा नीट केला. "तशीच देऊन टाकू. त्याला काय कळतंय?"

"माझ्या गॅरेजमधून बिघडलेली गाडी जाणार? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

तिने बाह्या सरसावल्या आणि बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचं खोकं काढायला हात मागे केला, तर दहा नंबरचा पाना न मागताच हातात आला.

"अरे वा! आज चमचा नाही दिलात," ती म्हणाली. पाना आणि पक्कड यांतला फरक या माणसाला जन्मात कळला नव्हता.

खाली गिअरची केबल खिळीवरून निसटून लोंबत होती. तिच्या टोकातलं, खिळीवर घट्ट बसणारं प्लास्टिकचं बुश झिजून पार सैल झालं होतं.

"मागच्याच वर्षी तर बदललं होतं!"

स्वतः बसवलेल्या प्रत्येक भागावर ती लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. बाटल्या संपतात आणि नखं मात्र कोरीच, असं नवरा चिडवायचा. या बुशावर ठिपका नव्हता. पुसला गेला असेल.

"हल्लीचा मालच तकलादू," ती करवादली आणि ते जुन्या भागांच्या डब्यात टाकलं. तिच्या हातून जुनं काही फेकलं जात नसे. डब्याचं झाकण उघडंच होतं.

खणातलं नवं बुश तिने गरम पाण्यात टाकून मऊ केलं. पक्कडीने दाबायला गेली आणि बोटं थरथरली. बुश निसटून गाडीखाली घरंगळलं.

"राहू दे गं," नवरा हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!"

ती गुडघ्यांवर बसली, बुश शोधलं, पुसलं, पुन्हा धरलं. श्वास रोखून दाबलं. बसलं! मग केबलचं टोक खिळीवर ठेवून अंगठ्याने रेटलं.

टक्.

तो आवाज ऐकून तिचे डोळे भरून आले. हात जागच्या जागी होता. तिचाच होता.

ठिपका द्यायलाही ती विसरली नाही. मग खोकं जागेवर बसवून तिने गाडी सुरू केली आणि रस्त्यावर काढली. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा तर नुसतं बोट लावताच. कोपऱ्यावरचा वाणी दुकानातून बाहेर येऊन बघत राहिला. तिने त्याला हॉर्न वाजवून सलामी दिली आणि तेच वळण पुन्हा एकदा घेतलं, उगाचच.

परत आली ती ओरडतच. "विकायची नाही! सांगून ठेवते, उद्यापासून शटरही उघडणार!"

"बरं," नवरा म्हणाला.

"त्या गिऱ्हाइकाला आत्ताच नकार कळवते." तिने फोन काढला, पण तिचा चष्मा ग्रीसने माखला होता. नंबर दिसेना. नवऱ्याच्या खिशात चष्म्याची डबी होती. तिच्यात पुसायचं मऊ फडकं असायचं. तिने डबी ओढली.

"अगं थांब, मी देतो..." तो घाईने पुढे झाला. त्याच्या नखांत काळं भरलं होतं.

डबी उघडली. फडक्यात एक बुश होतं. कुठेही न झिजलेलं, आणि त्यावर तिच्याच हातचा लाल ठिपका.