प्रमाणासाठी आई

राज्याचा इतिहास-भूगोल हिंडून टिपायचा, असा आमचा कॉलेजचा फोटो-प्रकल्प होता. वास्तूची उंची कळावी म्हणून प्रत्येक फोटोत एक माणूस उभा करायचा होता. मी आईला नेलं. लग्नानंतर ती मंडईच्या पलीकडे गेलीच नव्हती.

सर फोटो बघून वैतागले. "किल्ल्याच्या दारात आई कडीलाही पोचत नाही. लेण्यांपाशी खांबाएवढी झालीय. आणि इथे धरण तिच्या घोट्याला लागतंय! प्रमाण चुकलंय. पुन्हा काढ, नाहीतर नापास."

"अंतर तेच ठेवलं होतं, सर. आणि आता पुन्हा नाही जमायचं. काल ती डोंगर ओलांडून शेजारच्या राज्यात गेली. बाबांनी खालून ओरडून जेवणाचं विचारलं, तर ढगांतून शांतपणे आवाज आला, 'आज तुम्ही करा.'"