एक नंबरचं बटण

टीव्हीखालच्या मीटरनं बारीक ‘टुक’ केलं आणि त्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. टीव्हीचा आवाज बंद होता. पाहुणे आलेले मोहोड चहातली साय बोटानं बाजूला सारत होते. रागिणी साडीला फॉल लावत होती, आणि लावलेलाच टाका उसवत होती.

“थे विचारून राहिलं,” सहा वर्षांच्या अपेक्षानं पाहुण्याला समजावलं. “कोण कोण पाहून राहिलं म्हणून.” तिनं छोटा रिमोट उचलला. एक दाबला, दोन दाबला, तीन दाबला. एक पप्पाचा, दोन मम्मीचा, तीन तिचा. दिवा हिरवा झाला. पडद्यावर कबड्डी लीगचे खेळाडू मांड्या थोपटत उतरत होते.

मोहोडांना हे सगळं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या जठारपेठेतल्या या दोन खोल्यांत, टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीकडून, मीटर त्यांनीच बसवलं होतं. कोण काय पाहतं ते मोजायचं, आणि शेजारीपाजारी कोणाला सांगायचं नाही, एवढीच अट. देवीदासला त्याची भारी गंमत वाटायची. लीग लागली की तो ताट घेऊन खाटेवर बसायचा आणि लेकीला म्हणायचा, “दाब वं माय माहा नंबर. आपल्याबिगर लीग बुडन.”

उन्हाळ्यात देवीदास साइटच्या कामाला म्हणून पुण्याला गेला. महिन्याभराचं काम होतं. लीग सुरू झाली तरी आला नाही. तीन आठवड्यांपूर्वी मोबाइलवर दोन ओळी आल्या. ‘माही वाट पाहू नको. पोरीले सांगजो.’ तेव्हापासून त्याचा फोन बंद. रागिणीनं पोरीला सांगितलं नव्हतं. अमरावतीला आईला सांगितलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, “जावाई बरे हायेत ना?” त्या प्रश्नात ‘हो’ आधीच घातलेलं असायचं. रागिणीला फक्त ते परत करायचं असायचं.

“देवीदासभाऊ दिसत नाहीत,” मोहोड म्हणाले.

“येतीनच.” रागिणी उठली, पंखा एकानं वाढवला, परत बसली.

“मंग एक नंबर दाबला कोणी?”

“मी,” अपेक्षा म्हणाली. “रोज मीच दाबतो.”

मोहोडांनी कप खाली ठेवला. “म्हणूनच अमरावतीहून आलो, ताई. पहिले भाऊ जाहिरात लागली की उठून जायचे. मधातच एक नंबर बंद. टीम हरली की टीव्हीच बंद. आमचे पोरं ऑफिसात हसायचे, म्हणायचे हा गडी रुसला. अन् आता महिना झाला, एक मिनिट उठले नाहीत. जिता माणूस असा नाही पाहत, ताई.”

“जितेच हायेत ते.”

“तसं नाही म्हटलं मी.”

सुई बोटात गेली. रागिणीनं बोट तोंडात घातलं.

मोहोड खाली पाहत, हळू बोलायला लागले. “ह्या लीगवर कोट्यवधीच्या जाहिराती हायेत. कोणती किती भावानं लावायची, थे आमच्या आकड्यावर ठरते. अन् तुमचं हे बटण म्हणजे एक माणूस नाही. तुमच्यासारखे हजारो घरं धरतो आमी त्याच्यात. अकोल्यातले, बडनेऱ्यातले, पार शेंदूरजन्यातले. एक नंबर लागला की हजारो घरातले बाप मॅच पाहून राहिले, असं लिहितो. म्हणून मले खरं पाहिजे. भाऊ इथं राहत असतीन, तर राहू देतो नंबर. नसतीन, तर काढा लागन.”

त्यांनी टॅब मांडीवर घेतला आणि बोट वर धरून थांबले.

पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत होती. यंदा लीगला विक्रमी प्रेक्षक. रागिणी ती रोज वाचायची. त्या विक्रमात आपला एक माणूस आपण रोज बसवतो, हे तिला माहीत होतं. पोर दाबायची, आणि ती पाहून न पाहिल्यासारखं करायची. आठ ते नऊ, मॅचपुरता, देवीदास घरात असायचा. नऊला टीव्ही बंद झाला की पुन्हा जायचा.

एक ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मोहोड भला माणूस. त्यांनी मान हलवली असती आणि रात्रीच्या गाडीनं अमरावतीला गेले असते.

चढाईला गेलेल्याला पाच जणांनी धरलं होतं. त्याचा हात मधल्या रेषेकडे ताणला गेला होता. वीतभर राहिली होती. शिट्टी वाजली असावी, कारण सगळे उठून उभे राहिले आणि तो एकटा डोकं खाली घालून बाहेर गेला.

“काढा,” रागिणी म्हणाली. “नाही राहत ते इथं.”

मोहोडांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टॅबवर दोनदा बोट टेकवलं. मीटरनं पुन्हा ‘टुक’ केलं.

अपेक्षानं ताबडतोब रिमोट उचलला. एक दाबला. परत दाबला, दोन्ही अंगठ्यांनी. “मम्मी, एक लागूनच नाही राहिला.”

रागिणीनं साडी बाजूला केली. सुई कुठे पडली ते पाहिलं नाही. पोरीला जवळ ओढून मांडीवर घेतलं. “काकानं काढला, बेटा. पप्पा आता आपल्या घरी नाही राहत. ते नाही येणार.”

अपेक्षा रडली नाही. ती मोहोडांच्या टॅबकडे पाहत राहिली. मघापासून ती सगळं ऐकत होती.

“मम्मी,” ती म्हणाली, “मंग त्या हजारो घरातले पप्पाबी गेले का?”