डोळ्यांत तेल घालून

"दूध-साय एकदम बंद," मांजराच्या पिल्लाला तपासून डॉक्टरांनी बजावलं होतं. "एवढ्याशा जिवाला गाईचं दूध पचत नाही." तरी जुलाब थांबेनात. थोरलीने पाणी उकळून दिलं, खाणं बदलून पाहिलं, पण पिल्लू दिवसेंदिवस सुकतच चाललं. जमिनीवरची वर्तमानपत्रं बदलून बदलून सगळं घर टेकीला आलं.

"घरातलंच कुणीतरी चोरून साय घालतंय त्याला," ती म्हणाली.

"माझ्याकडे बघू नकोस," आई उसळली. "मला काय कमी कामं आहेत? ह्यांना कोलेस्टेरॉल म्हणून साय बंद, त्याला जुलाब म्हणून बंद! दोघांची पथ्यं सांभाळता सांभाळता माझाच जीव जायचा."

"तुम्ही दोघी कामावर गेलात की दुपारभर मीच असतो ना घरी," बाबा म्हणाले. "डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो."

दुसऱ्या दिवशी थोरली दुपारीच परतली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली.



डोळे मिटून सायीची बोटं चाटत बाबा पायाशी घुटमळणाऱ्या पिल्लाला समजावत होते, "आता ओरडायचं नाही हं, मने. तुझा वाटा दिलाय ना?"