विरुद्ध बाजू

शाळा संपल्यावर शिकायला परगावी जायचं, यावरून धाकटीची आणि आईची महिनाभर जुंपली होती. आईचं पालुपद एकच, "नाही म्हणजे नाही!" त्यामुळे आंतरशालेय वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीला 'शिक्षणासाठी मुलांनी घर सोडावे का?' हाच विषय आला, तेव्हा धाकटीने आईला ओढतच नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. आज भर सभागृहात तिची बोलती बंद करायचीच!

नाणेफेक झाली आणि धाकटीच्या वाट्याला बाजू आली 'घर सोडू नये'.

"सर, बाजू बदलून मिळेल का हो?"

"मिळणार नाही. तयारीला लाग."

काय करते बिचारी! डोळे मिटून आईसारखा विचार करायला लागली. मग उभी राहिली आणि रिकाम्या खोलीबद्दल बोलली, तापात कपाळावर हात कोण ठेवणार म्हणाली, मुलीने फोन उचलला नाही की घरी कशी घालमेल होते तेही सांगून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

ढाल कडेवर घेऊन ती रडवेल्या तोंडाने आईपाशी आली. "झालं ना तुझ्या मनासारखं? जिंकलीस तू."

आईने पदराने डोळे टिपले. "महिनाभर मला हेच सांगायचं होतं गं. पण मेलं 'नाही'च्या पुढे काही सुचतच नव्हतं. तुला सगळं कळलंय ना? मग जा खुशाल."