सादळलेली पेटी

पहिल्या सिगारला तडा गेलेला दिसला तेव्हा प्रभाला वाटलं, असेल एखादा तसा. दुसरा उचलला, तर त्याचं पान वाळल्या कुरडईसारखं हातात तुटलं. बाकीचे तेवीस उचलायचा धीरच झाला नाही. गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी, ती मटकन खाली बसली.

"अगं बाई, काय करून बसले मी हे!"

तिने भलंच करायला घेतलं होतं. रविवारी तिच्या नवऱ्याची, यज्ञेश्वरांची, साठी. त्या दिवशी ही पेटी उघडायची, हे बारा वर्षांपूर्वीच ठरलेलं. म्हणून तिने ती पुसायला कपाटातून काढली. आत बघते तर सिगार ओलसर, बोटाने दाबले की दबणारे. सादळलेत, तिला वाटलं. आणि सोलापुरात सादळलेल्या गोष्टीला एकच औषध, ऊन. एप्रिलचं ऊन तर काय, मागायला जावं लागत नाही. दोन तासांत निकाल.

क्यूबाचा सिगार ओलाव्यातच मुरतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. यज्ञेश्वर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पेटीतला ओला स्पंज, ओलावा दाखवणारा काटा, सगळ्यावर घरात व्याख्यानं झाली होती. पण ऐन वेळी एकही व्याख्यान आठवलं नाही.

बारा वर्षांपूर्वी यज्ञेश्वरांना स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, सिगार बंद म्हणजे बंद. नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या पुण्याच्या मित्राने, सुबोधने, ही पंचविसाची पेटी आणून दिली. यज्ञेश्वरांनी प्रभाच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझी शपथ. एकही ओढणार नाही, नुसते मुरवीन. साठीला एक, तोही तू हो म्हणालीस तर."

आणि माणूस शब्दाला जागला. रोज पेटी उघडायची, हुंगायची, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि बंद. दुसरा विरंगुळा म्हणजे आठवड्यातून दोनदा केमला शेतावर चक्कर. येताना कपड्यांना पाचट जाळल्याचा वास घेऊन यायचे, एवढीच तिची तक्रार.

मैत्रिणींचे नवरे चोरून काय काय करतात ते ती ऐकत होती. तिला आपल्या नवऱ्याचा फार अभिमान होता. या माणसाने तिच्यासाठी बारा वर्षं मन मारलं, आणि तिने ती बारा वर्षं उन्हात घातली.

आज शुक्रवार. यज्ञेश्वर केमलाच होते, उद्या संध्याकाळी यायचे होते.

"बाई, रडून काय हुतंय?" भांडी घासायला आलेली केराबाई म्हणाली. "चंद्रव्वाकडं जावा की. शेरात विड्या वळनाऱ्या पायलीला पन्नास हायत, पन चिरूट वळनारी ती एकलीच. तिचा सासरा चिरुटाच्या कारखान्यात हुता."

चंद्रव्वा दारातच सूप मांडीवर घेऊन बसली होती. प्रभाने पिशवीतून पेटी काढली. चंद्रव्वाने एक सिगार उचलला, फिरवून बघितला.

"ह्ये कुनी वाळवलं?"

"माझाच गाढवपणा. असेच पंचवीस हवेत, उद्या दुपारपर्यंत. होतील का?"

"व्हतील की. निपानीचं पान भिजत हाय."

"मापाला एक ठेवून जाऊ?"

"माप हातात हाय." तिने एकेका सिगारवरचं कागदी कडं अलगद काढून वाटीत टाकायला सुरुवातही केली होती. ते नव्यांवर चढवायचं, हे तिला सांगावं लागलं नाही.

"आणि हे कुणाला बोलू नका हं."

"मी कशाला बोलती? कदी बोलली न्हाय."

रविवारी सुबोध पुण्याहून आला. जेवणं झाल्यावर दोघं मित्र गॅलरीत बसले. यज्ञेश्वरांनी पेटी उघडली, एक सिगार कानाशी धरून दाबला, टोक कापलं, सावकाश पेटवला आणि डोळे मिटले. प्रभा दाराआड उभी होती.

"आधी मातीचा वास," यज्ञेश्वर म्हणाले. "मग कोको. शेवटी किंचित मध. बघ सुबोध, बारा वर्षांशिवाय हे येत नाही."

सुबोधनेही एक पेटवून धूर तोंडात घोळवला. "मानलं बुवा तुला. आपल्या निपाणीच्या तंबाखूला जन्मात जमायचं नाही हे. वहिनी, काय संयम आहे हो तुमच्या नवऱ्याचा!"

"माझा कसला? हिच्यामुळे जमलं," यज्ञेश्वर म्हणाले आणि तिच्याकडे बघून हसले.

प्रभा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली. एवढ्या भोळ्या माणसाला आपण फसवलं. सांगून टाकावं का? सांगितलं तर त्यांची साठी नासेल. नाही सांगितलं तर आपल्याला आयुष्यभर बोचत राहील. शेवटी तिने गप्प राहायचं ठरवलं. हे पाप आपलं, आपणच वागवायचं.

सोमवारी ती शेंगापोळ्यांचा डबा घेऊन चंद्रव्वाकडे गेली.

"तुम्ही माझी लाज राखलीत," ती म्हणाली. "त्यांना काडीचा संशय आला नाही. अगदी तीच चव, म्हणाले."

"म्हननारच की." चंद्रव्वाने डबा घेतला आणि आतून जुन्या वर्तमानपत्रात बांधलेला जड पुडा आणून प्रभाच्या हातात ठेवला. "बरं झालं तुमीच आलात. आता बारा वर्सांनी घरात ठावं झालंच हाय, तर ह्यो तुमीच न्या. सरांचा ह्या म्हयन्याचा पुडा ऱ्हायला हुता."