तात्यांची जर्मन बंदूक

आशागडच्या तात्यांकडे आजोबांच्या काळातली जर्मन छर्ऱ्याची बंदूक होती. २०१६ मध्ये तिचा छर्रा झाडावर चिकू उतरवणाऱ्या बाबल्याच्या डोळ्यात घुसला. जखम चिघळून तो महिन्याभरात गेला. "पोपटावर धरली होती," एवढंच तात्या म्हणाले.

२०१७च्या मे महिन्यात, भर दुपारी, जुन्या बंदुका जमवणारा जतीन वापीहून आला. त्याने ओट्यावर बंदूक खोलली आणि स्प्रिंगचे दोन तुकडे तळहातावर घेतले.

"तुटलीय, तात्या. ओरिजनल आता मिळणार नाही. वापरायला बाद, पण कपाटात ठेवायला सोनं."

तेवढ्यात समोरच्या चिकूच्या वाडीतून आवाज आला. करकर, करकर, खट.

तात्यांचा चेहरा उतरला. नळी खाली ओढून स्प्रिंग ताणताना त्यांची बंदूक अस्साच आवाज करायची.

जतीनचे डोळे चमकले. "हिची जोडी आहे तुमच्याकडे?"

"नाही," तात्या कसेबसे म्हणाले आणि उठू लागले.

अंगणात चिकू निवडणारी बाबल्याची बायको जानी वाडीतल्या समोरच्या चिकूच्या शेंड्याकडे बघत होती. वर्षभरात ती पहिल्यांदाच हसली.

"तात्या, हलू नको," ती म्हणाली. "त्याला नेम धरू दे."