ठमाआजीचा आवाज

धोंडुबाई भांडायचं ठरवूनच पेणच्या एसटीत बसली होती. तीन महिने होत आले, थोरल्या बहिणीचा फोन नव्हता. आपण करावा तर भाचा उचलायचा, आई कामात आहे, नंतर करेल म्हणायचा. ते नंतर काही उजाडलं नाही. इकडे अष्टमी गावात धोंडुबाईची नात पूजा रोज संध्याकाळी मोबाईल तिच्यापुढे धरायची. त्यात ही थोरली, ठमाबाई, पोह्याच्या पापडाच्या लाट्या वळता वळता साऱ्या जगाशी गप्पा मारत असायची. जावयाला काय वाढावं ते कुणाला सांगायची, कुणाच्या सुनेची बाजू घ्यायची. लाखभर माणसं तिला आजी म्हणत होती. एका बहिणीशी बोलायला तेवढी तिला सवड नव्हती.

पेणच्या रामवाडीला उतरून ती तरातरा घरी पोचली. ओटीवर सात बाया पापड लाटत होत्या. भिंतीवर ठमाबाईचा हसरा फोटो, दाराएवढा मोठा, त्याखाली लिहिलेलं, 'ठमाआजीचे पापड'. धोंडुबाईला बघून बायांची लाटणी थांबली. या म्हणून कोणी म्हणालं नाही. भाच्याची बायको नम्रता बाहेर आली, मावशी आधी चहा घ्या म्हणाली. धोंडुबाईने चहाला नको म्हटलं. आधी तिला बाहेर बोलव, मग चहाचं बघू.

नम्रताने मागच्या खोलीचा पडदा सरकवला.

ठमाबाई खाटेवर पडून होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात कोणीतरी आणून ठेवावा तसा छातीवर. शिमग्याच्या आदल्या दिवशी अंगावरून वारं गेलं, नम्रता हळू आवाजात सांगू लागली. माणसं ओळखतात, पेज गिळतात, पण वाचा गेली ती गेलीच.

धोंडुबाई खाटेच्या कडेला टेकली. एसटीत घोकत आणलेलं भांडण जिभेवरच राहिलं. ठमाबाईचे ओठ हलले, घशात घरघर झाली, शब्द काही आला नाही. मग तिने डाव्या हाताने बहिणीचा पदर मुठीत धरला.

एवढ्यात भाचा प्रवीण आला. मावशीला बघून तो दारातच थबकला, मग खाली मान घालून सगळं सांगून मोकळा झाला. कुणालाच कळवलं नव्हतं. आपल्यातल्याच कोणीतरी व्हिडिओखाली 'लवकर बऱ्या व्हा' म्हणून लिहिलं असतं आणि सगळीकडे झालं असतं. लोक पापड घेतात ते आजीकडे बघून. आजीच नाय म्हटल्यावर आपले पापड आणि दुकानातले पापड, फरक काय? ओटीवरच्या सात बायांनी मग कुठं जायचं? जुने व्हिडिओ साठवलेले होते, त्यातलाच एकेक आजवर सोडत आलो.

प्रवीण वाईट नव्हता. बोलता बोलता त्याने आईच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली, पाठीखालची उशी सारखी केली. त्याच्या हातांना त्या कामाची सवय झालेली दिसत होती.

"मावशी, आता दहाच व्हिडिओ उरलेत," तो म्हणाला. "तुझा आवाज अगदी आईसारखा हाय. तोंड दाखवायचं नाय. जुन्या व्हिडिओवर नुसता आवाज घालायचा. दोन वाक्यं बोललीस तरी पुरे."

धोंडुबाईने त्याच्याकडे पाहिलं. पदर अजून बहिणीच्या मुठीत होता.

"देते की आवाज," ती म्हणाली. "काय बोलायचं ते तेवढं तिला इचार."

प्रवीणने आईकडे पाहिलं. आई त्याच्याचकडे बघत होती. मग ओटीवरून कोणीतरी कुरिअरवाला आल्याचं सांगितलं आणि तो बाहेर निघून गेला. दिवसभर तो परत त्या खोलीत आला नाही. दुपारची पेज धोंडुबाईनेच भरवली. संध्याकाळच्या गाडीला निघताना तिला बहिणीची बोटं एकेक करून पदरावरून सोडवावी लागली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, आजीकडून सगळं कळलेली पूजा मोबाईल घेऊन धावत आली. ठमाआजी बोलायला लागली म्हणाली, नवीन व्हिडिओ आलाय.

धोंडुबाईने मोबाईल हातात घेतला. लाट्या वळणारे हात जुनेच होते. बोलणं मात्र आजचं होतं. पाऊस तोंडावर आलाय, चार महिन्यांचे पापड आत्ताच भरून ठेवा, असं ठमाबाई सांगत होती. आवाज तिचाच. 'पापड' म्हणताना श्वास लागायचा, तोसुद्धा तिचाच. पण सुरुवातीला ती 'नमस्कार मित्रांनो' म्हणाली होती. ठमीने जन्मात कुणाला मित्र म्हटलं नव्हतं. धोंडुबाईने तिथल्या तिथे नम्रताला फोन लावला. नम्रता म्हणाली, सासूबाई आहेत तशाच आहेत.

पूजाने व्हिडिओ पुन्हा नीट ऐकला आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, हा मशीनचा आवाज हाय गो," ती म्हणाली. "जुनं बोलणं घातलं की आता पायजे ते बोलवून घेता येतं."

खाली माणसं लिहीतच होती. आजी, किती गोड बोलता. आजी, शंभर वर्षं जगा. पूजाने एकदोन वाचून दाखवली. आपली आजी आता प्रवीणकाकाला फोन करून झाडणार, असं तिला वाटलं. तिने मोबाईल बंद करायला हात पुढे केला.

धोंडुबाईने तो दिला नाही. दोन्ही हातांनी धरून तिने तो कानाशी नेला.

"परत लाव गो," ती म्हणाली.